रोजचे जगणे, सामाजिक न्याय आणि किशोरवयीन लेखक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील आठवी ते बारावीच्या मुलामुलींचे लेखन वाचताना आणि त्यावर त्यांच्याशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते येथे एकत्र केले आहेत. दहावीच्या निकालानंतर अकरावीच्या प्रवेशयाद्या लागल्या की आरक्षणाविषयीचे प्रश्न वाढतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास ओळख आणि आडनाव यांविषयी विचारणा होते. आणि हिवाळी अधिवेशनातील मोर्च्यांमुळे रस्ते बंद झाले की आंदोलनांविषयी. काही प्रश्न पालकांचे आहेत. प्रश्नांची भाषा शक्य तितकी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

1. मी पंधरा वर्षांची आहे. जात, स्त्री-पुरुष भेद, आरक्षण अशा विषयांवर मी आत्ताच लिहू शकते का, की आधी मोठे व्हावे लागते?

आत्ताच लिहू शकता. संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(क) ने दिलेले भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य सर्व नागरिकांना आहे आणि त्याला वयाची अट नाही. संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये केलेला बालहक्कांचा करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला. त्यानेही मुलांचा मत मांडण्याचा अधिकार मान्य केला आहे. मराठीत तर याचा दाखला फार जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग आणि महार समाजांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा ती किशोरवयीनच होती. आपल्या लोकांना रोज काय सोसावे लागते ते तिने नेमके सांगितले आणि त्याला जबाबदार असलेल्यांना थेट प्रश्न विचारले.

या अधिकाराला ज्या मर्यादा आहेत, त्या प्रश्न 11, 12 आणि 13 मध्ये दिल्या आहेत.

2. माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे काही घडतच नाही. शाळा, ट्यूशन आणि घर एवढेच आहे. मग लिहू कशावर?

याच तीन जागांवर लिहा. सामाजिक न्यायाचे बहुतेक प्रश्न सर्वांनी गृहीत धरलेल्या लहान गोष्टींत दडलेले असतात. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा तुमच्या घरात कूलरसमोर कोण बसते आणि कूलरमध्ये पाणी कोण भरते? वस्तीत टँकर येतो, तेव्हा रांगेत बायका आणि मुलीच जास्त का दिसतात? धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंना चहा कोणत्या कपात दिला जातो आणि तो कप कुठे ठेवलेला असतो? वर्गात नवा मुलगा आला की नावापाठोपाठ आडनाव का विचारले जाते, आणि ते ऐकल्यावर बोलण्याचा सूर बदलतो का? भाऊ रात्री दहाला फुटाळ्यावरून परतला तर त्याला ताट वाढले जाते आणि बहीण साडेसातला सीताबर्डीहून आली तर तिला जाब द्यावा लागतो, हा नियम घरात कोणी आणि कधी केला? भाड्याची खोली शोधताना घरमालक कोणते प्रश्न विचारतात आणि कोणाला विचारत नाहीत?

सुरुवातीला मत बाजूला ठेवा आणि पाहिलेले लिहा: कोण होते, कोणत्या जागी होते, कोणी काय म्हटले आणि त्यानंतर कोण गप्प झाले. ‘आपल्या समाजात अजूनही भेदभाव आहे’ हे वाक्य शाळेच्या असंख्य निबंधांत असते आणि त्यातून वाचणाऱ्याला नवे काहीच कळत नाही. ‘आमच्या गल्लीतले गटार तुंबले की फोन नेहमी एकाच वस्तीत जातो’ हे वाक्य वाचल्यावर मात्र वाचणारा थांबतो, कारण ती वस्ती कोणती आणि तीच का, हे त्याला स्वतःला विचारावे लागते.

3. मग रोजनिशी आणि असे लेखन यांत फरक काय?

रोजनिशी तुमच्या एकट्यासाठी असते. तिच्यात खरी नावे, राग, अन्यायकारक वाक्ये, अर्धवट विचार असे सारे चालते आणि चालावेच. दुसऱ्याने वाचावे म्हणून लिहिलेल्या मजकुरात इतर माणसे तुमच्या हाती सापडलेली असतात आणि त्यांना तेथे उत्तर देता येत नाही, म्हणून जबाबदारी वाढते. चांगली सवय अशी की पहिला खर्डा रोजनिशीत ठेवावा, राग उतरल्यावर तो पुन्हा वाचावा, आणि मग त्यातले काय बाहेर न्यायचे ते ठरवावे.

4. घरी आम्ही नागपुरी बोलतो आणि हिंदीही मिसळते. प्रमाण मराठीत लिहिले नाही तर चालेल का?

चालेल. संवाद तर कानावर पडले तसेच लिहावेत. स्वयंपाकघरातली आई ‘काय करून राहिली वं?’ असे विचारत असेल आणि तुम्ही तिला ‘काय करते आहेस?’ असे बोलायला लावले, तर ती तुमची आई राहत नाही. निवेदन कोणत्या भाषेत करायचे हा तुमचा निर्णय आहे.

एक काळजी मात्र घ्या. अनेकदा मुले स्वतःला आणि शिक्षकांना प्रमाण मराठी देतात आणि बोली केवळ कामवाल्या बाई, रिक्षाचालक किंवा खेड्यातले काका यांच्याच तोंडी ठेवतात. तुम्हीही घरी तीच भाषा बोलत असाल, तर हे खोटे आहे आणि अपमानकारकही आहे.

5. एआयकडून लेख लिहून घेतला तर काय बिघडते? मुद्दे माझेच असतात.

माहिती शोधायला किंवा शुद्धलेखन तपासायला त्याची मदत घेतली तर हरकत नाही. पण या प्रकारच्या लेखनाचे मोल तुम्ही पाहिलेल्या तपशिलात असते, आणि तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात ते यंत्र कधी आलेले नसते. ते तुमच्या मुद्द्यांना कोणालाही शोभतील अशी वाक्ये देते. शिवाय कायदे, तारखा आणि आकडे ते ठामपणे चुकीचे सांगू शकते. म्हणून अशी प्रत्येक गोष्ट मूळ ठिकाणी पडताळल्याशिवाय वापरू नये.

6. आरक्षणावरून वर्गात नेहमी भांडण होते. त्यावर लिहिण्यापूर्वी मला काय माहीत असायला हवे?

आधी आकडे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना 13 टक्के, अनुसूचित जमातींना 7 टक्के, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना चार गट मिळून 11 टक्के, विशेष मागास प्रवर्गाला 2 टक्के आणि इतर मागास वर्गाला 19 टक्के, असे 52 टक्के आरक्षण आहे. 2019 च्या 103व्या घटनादुरुस्तीनंतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी 10 टक्के जागा आल्या. त्यानंतर 2024 च्या राज्याच्या कायद्याने मराठा समाजासाठी आणखी 10 टक्के जागा ठेवल्या आणि त्या कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. वर्गातल्या भांडणात ‘सगळ्या जागा त्यांनाच जातात’ असे म्हटले जाते, तेव्हा त्यातले ‘ते’ नेमके कोण, हे या आकड्यांसमोर बसवून पाहावे. अनेकदा ते वाक्य बोलणारा स्वतःच यांपैकी एखाद्या प्रवर्गात असतो.

मग हेतू. आरक्षण ही गरिबी हटवण्याची योजना म्हणून सुरू झालेली नाही. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या जातीमुळे शाळा, पाणवठा आणि सत्तेच्या जागा यांपासून दूर ठेवले गेले, त्यांना तेथे वाटा मिळावा हा तिचा पाया आहे. म्हणूनच सरकारी नोकऱ्यांविषयीच्या अनुच्छेद 16(4) मध्ये पुरेशा प्रतिनिधित्वाचा उल्लेख आहे. शिक्षणातील विशेष तरतुदींसाठीचा अनुच्छेद 15(4) हा 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. इंद्रा साहनी खटल्यात 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 50 टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा सांगितली आणि इतर मागास वर्गातील सधन थराला वगळण्यास सांगितले. आर्थिक निकषावरचे आरक्षण 2022 मध्ये त्याच न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा निकालाने वैध ठरवले. न्यायमूर्तींमध्येच असा मतभेद होऊ शकतो, तेव्हा तुमचे आणि बाकावरच्या मित्राचे जमले नाही म्हणून कोणी देशद्रोही किंवा मूर्ख ठरत नाही. ‘फक्त आर्थिक निकष असावा’ असे तुमचे मत असेल तर ते जरूर मांडा. मात्र चांगल्या पगाराच्या माणसालाही जातीमुळे घर नाकारले जाते, त्याचे तुमच्याकडे काय उत्तर आहे, हेही त्याच लेखात लिहा.

राहिली गोष्ट एकट्या उदाहरणाची. ‘मला 92 टक्के असून प्रवेश नाही आणि तिला 84 टक्क्यांना मिळाला’ हे दुःख खरे आहे आणि ते लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. परंतु त्याच महाविद्यालयात व्यवस्थापन कोटा, संस्थेअंतर्गत कोटा आणि अल्पसंख्याक संस्थांचा कोटा असतो, आणि त्या याद्यांवरून वर्गात सहसा भांडण होत नाही. ते का होत नाही, याचा शोध घेतला तर लेख तक्रारीच्या पुढे जाईल. ‘ती’ कोण हे ओळखू येईल असे मात्र लिहू नये. त्याची कारणे प्रश्न 11 मध्ये आहेत.

7. मी खुल्या प्रवर्गातला आहे. मी जातीवर लिहिले तर ते ढोंग वाटणार नाही का?

दुसऱ्याच्या वतीने बोललात तर वाटेल. स्वतःच्या घराविषयी लिहिलेत तर वाटणार नाही. जात ही केवळ ज्यांना तिचा त्रास होतो त्यांच्याच आयुष्यात असते, हा समज चुकीचा आहे. तुमच्या घरी लग्नाच्या बोलण्यांत काय विचारले जाते, आजोबांनी शिकायला शहरात आल्यावर कोणाच्या घरी राहून शिक्षण पुरे केले, ते घर त्यांना कोणत्या ओळखीमुळे मिळाले, पहिली नोकरी कोणाच्या शब्दामुळे लागली, हे सारे तुम्हाला माहीत आहे आणि ते इतर कोणी लिहू शकत नाही. ज्यांनी सोसले त्यांचे लेखन आधी वाचा, त्यांच्या वेदनेचे वर्णन स्वतः करू नका, आणि आपल्याला न मागता काय मिळत गेले ते प्रामाणिकपणे नोंदवा. कोणी तुमच्या लेखावर आक्षेप घेतला, तर तो आक्षेप पूर्ण ऐकून घेणे हेही या लेखनाचाच भाग आहे.

8. मला नागपूरशी जोडलेल्या विषयावर लिहायचे आहे. कुठून सुरुवात करू?

सीताबर्डीवरचा उड्डाणपूल घ्या. त्याला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे आणि त्यावरून रोज जाणाऱ्या अनेक मुलांना ते का, हे माहीत नसते. अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश व्हावा या मागणीसाठी गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाचा मोर्चा 23 नोव्हेंबर 1994 रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू असताना, नागपुरात आला होता. त्या संध्याकाळी झालेल्या चेंगराचेंगरीत 114 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. वादाचे मूळ असे की यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे आणि ‘गोवारी’ अशी स्वतंत्र नोंद नाही. पुढे या समाजाला विशेष मागास प्रवर्गात स्थान मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2018 मध्ये समाजाच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये तो रद्द ठरवला. एका नोंदीवर इतकी आयुष्ये अवलंबून होती. तुमच्या घरातल्या ज्या मोठ्यांना 1994 आठवते, त्यांना विचारा: त्या दिवशी ते कुठे होते, बातमी कशी कळली, त्या वेळी त्यांना काय वाटले आणि आज काय वाटते? ही उत्तरे कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाहीत, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ती सहज मिळू शकतात.

दुसरा विषय मुलींनी आवर्जून घ्यावा असा आहे. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या आणि सुमारे 25,000 स्त्रिया तिला आल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही त्यांच्यासमोर भाषण केले. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, अशा मागण्यांचे ठराव त्या स्त्रियांनी त्या काळात केले. त्यांच्याही आधी मोहपा येथे जन्मलेले किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरात मुलींच्या शिक्षणासाठी आणि वृत्तपत्रांच्या माध्यमातून काम केले होते, आणि ओझी वाहून पोट भरलेल्या जाईबाई चौधरी यांनी शिक्षण घेऊन मुलींची शाळा काढली होती. याच जाईबाईंना 1937 च्या सुमारास नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत जेवणाच्या वेळी वेगळे बसवले गेले. स्त्रियांच्या हक्कांच्या व्यासपीठावरही जात कशी शिरते, हे यातून कळते. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा मैत्रिणींच्या गटात असे काही घडते का, हे पाहण्यासाठी हा प्रसंग जवळ ठेवावा.

दीक्षाभूमीवर, म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेवर, लिहायचे असेल तर पाठ्यपुस्तकातली माहिती पुन्हा सांगू नका. त्या दिवसांत तुमच्या घरी कोण मुक्कामाला येते, तुमच्या रस्त्यावर भोजनदान कोण करते आणि गर्दीविषयी कोण कोणत्या शब्दांत बोलते, ते लिहा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे तक्रारींचे पुतळे, हाही चांगला विषय आहे. शहराने आपल्या तक्रारी उघडपणे मिरवणुकीत मांडाव्यात अशी ही नागपूरची जुनी रीत आहे, आणि कोणत्या तक्रारींचे बडगे कधीच होत नाहीत, हे शोधण्यासारखे आहे.

9. माझी जात मी लेखनात सांगावी का? न सांगता लिहिले तर लोक विचारतात, सांगितले तर वागणे बदलते.

ती सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही आणि ती विचारण्याचा हक्क वाचकाला नाही. अनुभव तुमचा असेल आणि ओळख सांगितल्याशिवाय तो कळतच नसेल, तर सांगण्याचा विचार करावा; पण त्याआधी घरच्यांशी बोलावे, कारण तुम्ही सांगितले की भावंडांचीही ओळख उघड होते. ओळख लपवणे म्हणजे भ्याडपणा, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. तुमच्या शाळेत, तुमच्या इमारतीत उद्या काय होईल हे तुम्हालाच सोसायचे असते, म्हणून वेळही तुम्हीच ठरवावी.

सर्वांसमोर जातीवरून अपमान झाला असेल, तर तो केवळ लेखनाचा विषय राहत नाही. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीचा, त्या समाजांबाहेरच्या व्यक्तीने, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी हेतुपूर्वक केलेला अपमान 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. अशा वेळी तारीख, जागा, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे रोजनिशीत त्याच दिवशी लिहून ठेवावीत आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावे.

10. माझी आजी जुन्या विचारांची आहे. तिच्या वागण्यावर लिहिले तर घरात वादळ होईल. लिहू की नको?

लिहा, पण तिला आधी ऐका. आजी विटाळ पाळत असेल किंवा कामवाल्या बाईंचा कप वेगळा ठेवत असेल, तर ते चूक आहे हे लेखात स्पष्ट म्हणा. त्याच आजीचे लग्न कितव्या वर्षी झाले, तिची शाळा कोणी सोडवली, तिला हे नियम कोणी आणि कसे शिकवले, हेही विचारून घ्या. या माहितीने तिची चूक बरोबर होत नाही. चूक कोणत्या हातांतून तुमच्या घरापर्यंत आली, ते मात्र दिसते. लेख बाहेर देण्यापूर्वी तिला वाचून दाखवावा, असा माझा आग्रह असतो. बहुतेक मुले याला घाबरतात. पण जे आपण तिच्यासमोर उच्चारू शकत नाही, ते तिच्या पाठीमागे छापावे का, याचा विचार व्हायला हवा.

याला अपवाद आहे. घरात तुम्हाला मारहाण होत असेल किंवा सत्य सांगितल्याने धोका वाढणार असेल, तर वाचून दाखवण्याचा हा सल्ला लागू नाही. तेव्हा प्रश्न 17 पाहा.

11. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट नाव बदलून लिहिली तर चालते ना?

नाव बदलणे पुरेसे नसते. वर्ग, ट्यूशनची वेळ, गाडीचा रंग, वडिलांचा व्यवसाय यांतले दोन तपशील जरी राहिले तरी महाल किंवा इंदोऱ्यासारख्या वस्तीत ती कोण हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. तिला लेख दाखवा, स्पष्ट होकार घ्या, आणि होकार दिल्यानंतर तिने मन बदलले तर तिच्याशी न भांडता लेख मागे घ्या. तिची गोष्ट कितीही महत्त्वाची असली तरी ती तुमची नाही.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत हा शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 23 नुसार पीडित मुलाचे किंवा मुलीचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार किंवा ओळख पटवणारा कोणताही तपशील माध्यमांतून उघड करता येत नाही. बाल न्याय कायद्यानेही कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची ओळख जाहीर करण्यास मनाई केली आहे. सहानुभूतीने लिहिले असले तरी ही मनाई लागू होते.

12. शिक्षकांनी वर्गात अन्याय केला. त्यांचे आणि शाळेचे नाव घेऊन लिहू का?

आधी ठरवा की तुम्हाला उपाय हवा आहे की लेख. उपाय हवा असेल तर लेखी तक्रार पालकांसोबत मुख्याध्यापकांकडे द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि दाद मिळाली नाही तर शिक्षणाधिकारी किंवा महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे.

लेख हवा असेल तर त्यात नाव बहुधा लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामी हा गुन्हा आहे. खरे आणि लोकहितासाठी केलेले विधान त्याला अपवाद असले, तरी ते खरे असल्याचे दाखवण्याचे ओझे तुमच्यावर येते. ‘एका शिक्षकांनी फी थकलेल्या मुलांना वर्गात उभे केले’ या वाक्यातला अन्याय नावाशिवायही पूर्ण कळतो. तक्रार चालू असताना लेख बाहेर देऊ नये.

13. धर्मातल्या प्रथांवर किंवा महापुरुषांवर टीका केली तर गुन्हा होतो का?

प्रथेची चिकित्सा हा गुन्हा नाही; महाराष्ट्रातील समाजसुधारणेचा मोठा भाग अशा चिकित्सेतूनच उभा राहिला. धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने, दुष्टबुद्धीने केलेला अपमान भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली येतो आणि समाजगटांत वैर पसरवणे कलम 196 खाली. व्यवहारात एवढे पाळा: प्रथेवर, तिच्या परिणामावर आणि तिच्या समर्थनावर लिहा, एखाद्या संपूर्ण समाजाविषयी ‘हे लोक असेच असतात’ असे कधीही लिहू नका. महापुरुषांच्या विचारांशी असहमती मांडताना त्यांचे मूळ लेखन वाचलेले असावे. फोनवर फिरणाऱ्या उद्धृतांवर अजिबात विसंबू नये, कारण त्यांतली कितीतरी त्यांची नसतात.

14. खऱ्या नावाने लिहावे की टोपणनावाने?

अठरा वर्षांखालील मुलांनी टोपणनाव वापरणे मला योग्य वाटते. गणवेशातले छायाचित्र, घराचा पत्ता, बसचा थांबा आणि रोजची वेळ लेखात येऊ देऊ नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदाही अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती आवश्यक धरतो. टोपणनाव घेतल्यावरही खऱ्या नावाने जे लिहिले नसते, ते लिहू नये.

15. आठवीत लिहिलेले आता मला पटत नाही. जुने लेखन काढून टाकू का?

त्या लेखनाने कोणाची ओळख उघड होत असेल किंवा कोणा समाजाचा अपमान होत असेल, तर आजच काढा आणि ज्यांना दुखावले त्यांची माफी मागा. नुसते मत बदलले असेल, तर तारखेसह ते राहू द्यावे आणि खाली एक टीप जोडावी: आता मला काय वाटते आणि ते कशामुळे बदलले. तेराव्या वर्षी आरक्षणाविरुद्ध लिहिणारी मुलगी सोळाव्या वर्षी वेगळे लिहीत असेल, किंवा उलटही होत असेल, तर तो तिने केलेल्या वाचनाचा पुरावा आहे.

16. आमची मुलगी दहावीला आहे. हे लेखन अभ्यासाच्या आड येते, आणि उद्या नोकरीत अडचण आली तर? तिची वही आम्ही गुपचूप वाचावी का?

गुपचूप वाचू नये. एकदा ते कळले की ती लिहिणे थांबवते किंवा तुम्हाला सांगणे थांबवते, आणि दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. ‘तुझे काही वाचायला देशील का?’ असे विचारा, नकार आला तर तो मान्य करा आणि काही दिवसांनी पुन्हा विचारा. तिच्या जिवाला धोका आहे असे ठोस कारण दिसत असेल, तरच वेगळा विचार करावा आणि तोही तिला सांगून.

अभ्यासाची वेळ तिच्याशी बोलून ठरवता येते. नोकरीविषयीची तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. विशेषतः ज्या घरांनी मोठ्या कष्टाने पहिली सरकारी नोकरी मिळवली, त्यांच्यासाठी ती खरी भीती आहे. टोपणनाव, संयत भाषा आणि पडताळलेली माहिती यांनी ती बरीच कमी होते. पण आपल्या घरात पाणी कोण भरते हे विचारणारी मुलगी गप्प केल्याने सुरक्षित होत नाही.

17. लिहिताना किंवा मित्राचे लेखन वाचताना अत्याचाराची गोष्ट समोर आली तर काय करायचे? लेख छापायचा की थांबायचे?

थांबायचे. आधी त्या मुलाची सुरक्षितता, लेखाचे नंतर पाहता येईल. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला देणे पॉक्सो कायद्याच्या कलम 19 ने बंधनकारक केले आहे. माहिती न दिल्याबद्दलची शिक्षा मुलांना लागू होत नाही, पण शिक्षक, पालक आणि माझ्यासारखे लेखन वाचणारे प्रौढ यांना लागू होते. म्हणून ‘कोणाला सांगू नका’ असे वचन कोणत्याही प्रौढाने देऊ नये. मी वर्गाच्या सुरुवातीलाच मुलांना हे सांगते, म्हणजे काय आणि कोणाला दाखवायचे ते त्यांना आधीच ठरवता येते.

मित्राने सांगितले असेल तर त्याला खोदून प्रश्न विचारू नका, त्याचे शब्द त्याच दिवशी आहेत तसे लिहून ठेवा आणि एका विश्वासू प्रौढाला सांगा. असा प्रौढ जवळ नसेल तर 1098 या चाइल्डलाइनवर मूल स्वतः दिवसरात्र केव्हाही विनाशुल्क फोन करू शकते. मनावरचा ताण असह्य होत असेल तर 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तेथेही मराठीत बोलता येते.